जोडशब्दातलं मांजर

जाहिरातीतला इशारा श्वास न घेता वाचायचा असतो. हे मला कुणी शिकवलं नाही, गिऱ्हाइकांच्या तोंडाकडं बघून मी शिकलो. 'भव्य सेल' म्हणताना दुकानदाराची मान डोलायची आणि 'अटी लागू' आलं की थांबायची. मग मी 'अटी लागू' हे दोन शब्द मागच्या वाक्याच्या शेपटीला असे बांधायला लागलो, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी खाकरलं. पुढं कॉम्प्युटर आल्यावर तेवढेही कष्ट राहिले नाहीत. बोललेलं पळवता येतं, मधले श्वास कापून टाकता येतात. इशारा झपकन निघून जातो आणि दुकानदार खूश होतो.

माझा धंदा काय, ते आधी सांगतो. सोलापुरात रिक्षांवर भोंगे लावून ज्या जाहिराती फिरतात, त्यांतल्या बऱ्याच मी लिहितो आणि माझ्याच आवाजात बोलतो. साड्यांचे सेल, क्लासेस, डोळ्यांची शिबिरं, नवीन खानावळी, हरवलेली माणसं. रेकॉर्डिंग बसवराजच्या स्टुडिओत होतं. स्टुडिओ म्हणजे नव्या पेठेत जिन्याखालची एक खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या चादरी ठोकलेल्या. उन्हाळ्यात पंखाही बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. घाम पुसत पुसत मी 'थंडगार उसाचा रस' पुष्कळदा विकला आहे.

मराठी ही माझी घरातली भाषा नाही. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. वडील मागावर, आई विड्या वळायची. मराठी मी शाळेत आणि गल्लीत शिकलो. अशी शिकलेल्या माणसाला त्या भाषेच्या काही गोष्टींचं जास्त कौतुक असतं. मला जोडशब्दांचं होतं. भांडीकुंडी, कपडेलत्ते, पोरंबाळं, भाजीपाला. मराठी माणूस एका गोष्टीचं नाव घेताना तिच्या सोबतीला आणखी एक देतो, हे मला फार आवडायचं. भोंग्यालाही ते मानवतं. भोंग्याचं तोंड पत्र्याचं. एकटा शब्द त्यातून बाहेर पडेपर्यंत अर्धा मोडतो. जोडशब्द मोठा असतो, त्याला ठेका असतो, अर्धा मोडला तरी उरलेल्यावरून कळतो. त्यामुळं माझ्या जाहिरातींत जोडशब्द भरपूर. लोक म्हणायचे, अण्णांची जाहिरात कानात बसते.

एका फर्निचरवाल्याला मात्र ते पटलं नव्हतं. "खुर्च्याबिर्च्या म्हणजे काय हो? माझ्या दुकानात बिर्च्या नाहीत. उद्या कुणी मागितल्या तर?" मी त्याला समजावलं की बिर्च्या कुणी मागत नसतं. तो म्हणाला, "तुम्ही सोलापूरच्या गिऱ्हाइकाला ओळखत नाही." शेवटी 'खुर्च्याटेबलं' करून घेतलं आणि टेबलं त्याच्याकडं होती, याची दोनदा खात्री करून घेतली. तो गेल्यावर मी आणि बसवराज किती तरी वेळ हसलो. या धंद्यात इतका सावध माणूस मला परत भेटला नाही, आणि त्याला मी हसलो.

अशा गमती दिवाळी अंकाला शोभतात. पण मला जे लिहायचं आहे ते गमतीचं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून ते माझ्या मानेवर बसलेलं आहे.

सचिन शेटे हा सात रस्त्याकडचा दुकानदार. पट्टे, साखळ्या, कुत्र्यांचं खाणं, माशांच्या टाक्या असं त्याचं दुकान. अलीकडं घरोघरी कुत्री झाल्यामुळं धंदा जोरात. उन्हाळ्यात आपल्याकडं गोचीड फार होतात. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात शेंगदाण्यासारखे फुगून बसलेले असतात. त्यावर एक औषध येतं. लहान प्लॅस्टिकची नळी, तिचं टोक मोडायचं आणि मानेवर केस बाजूला करून ओतायचं. गोचीड, पिसवा मरतात. सचिननं त्याची एजन्सी घेतली होती आणि शहरभर रिक्षा फिरवायची होती.

मराठीत आपण दुखणं बरं करणाऱ्यालाही औषध म्हणतो आणि जीव घेणाऱ्यालाही. उंदराचं औषध, ढेकणाचं औषध. पूर्वी एका उंदीरवाल्या कंपनीच्या माणसानं मला बजावलं होतं, "विष शब्द घ्यायचा नाही, औषध म्हणायचं." मी म्हणत आलो. सचिनच्या नळीलाही मी औषधच म्हटलं. ऐकणाऱ्याला वाटणार, लावलं तर बरंच होईल.

मी सचिनकडं कंपनीचा कागद मागितला. एवढं मी नेहमी करतो. कागदावर बारीक इंग्रजीत आणि हिंदीत इशारे होते. फक्त कुत्र्यांसाठी. मांजरांवर वापरू नये. मुलांना हात लावू देऊ नये. सचिन म्हणाला, "हे सगळं शेवटी टाका अण्णा, पळवत. लोक घाबरले नाही पाहिजेत."

मी पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचीड-पिसवांचा नायनाट.' रेकॉर्ड केलं. बसवराज प्रत्येक जाहिरात आधी भोंग्यावर वाजवून बघतो, त्यासाठी एक जुना भोंगा त्यानं खोलीबाहेर जिन्यात बांधलेला आहे. त्यानं वाजवलं आणि तो हसत सुटला.

"अण्णा, पुत्रांच्या अंगावर गोचीड कशाला हो?"

खरंच तसं ऐकू येत होतं. भोंग्यात क आणि प मध्ये फरक राहत नाही. मी परत बोललो, क वर जोर देऊन. तरी पुत्रच. सचिन वैतागला. मग मी माझा नेहमीचा उपाय केला. 'कुत्र्यामांजरांच्या अंगावरच्या गोचीड-पिसवांचा नायनाट!' आता पुत्र पुसला गेला. मांजरामुळं कुत्रा कळायला लागला. वाक्य भोंग्यातून असं भरून आलं, की जिन्यातून जाणारा माणूस थांबून वर बघायला लागला. शेवटी इशारा बोललो, बसवराजनं तो पळवला, श्वास कापले. सगळं परत ऐकताना त्याचा हात थांबला.

"अण्णा, वर मांजर हाय आन् खाली मांजर न्हाय. असं कसं की?"

"अरे, वरचं मांजर म्हणजे मांजर नव्हे. जोडीला आलंय ते. भांडीकुंडी म्हणतो आपण, त्यातली कुंडी कुणी मागतं का?"

"मागती की. माजी बायकू मागती."

"ती फुलझाडाची कुंडी रे."

"मग मांजर बी कुणीतरी खरंच धरंल की."

तिघंही हसलो. सचिन मोबाइलमधून डोकं वर न काढता हसला. मला त्या वेळी कळलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. इशारा वाचताना 'मांजरांवर' या शब्दापाशी माझी जीभ किंचित अडली होती. अडलेली जागा बसवराजनं कापून टाकली. पेन ड्राइव्ह रिक्षावाल्या मौलाभाईंच्या हातात दिला आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

काही आठवड्यांनी स्टुडिओच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. काळा बुरखा, त्याच्या बाहीवर पांढरे धागे चिकटलेले. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांच्या अंगावर असे धागे असतात, म्हणून ओळखले. मी म्हणालो, "या आपा, बसा. पाणी देऊ का?"

त्या बसल्या नाहीत. "हौ," त्या म्हणाल्या, "येईच आवाज है."

त्यांचं नाव जुलेखा. विजापूर वेशीकडच्या एका गल्लीत राहतात. नवरा ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. एक मुलगी, निलोफर, नववीतली. मौलाभाईंची रिक्षा अडवून त्यांनी माझा पत्ता काढला होता. माझ्याशी त्या मराठीत बोलल्या.

"भाऊ, मला एवढंच सांगा. तुमी मांजर म्हणालता का न्हाय?"

बसवराजनं मान खाली घातली. मी म्हणालो, "काय झालं, आपा?"

निलोफरनं एक मांजरी वाढवली होती, मन्नो. गटाराच्या कडेला सापडली तेव्हा डोळेही उघडले नव्हते. मुलीनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवली. आता तिला तीन पिल्लं झाली होती, आणि चौघांच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या. गल्लीतून रिक्षा गेली. जुलेखाआपांनी मशीन चालवता चालवता ऐकलं. मुलगी म्हणाली, अम्मी, आधी डॉक्टरला विचारू. आई म्हणाली, अगं, रिक्षावाला सगळ्या शहराला ओरडून सांगतोय, कुत्र्यामांजरांच्या म्हणून, तो काय खोटं बोलेल? सचिनच्या दुकानातून त्यांनी एक सुटी नळी आणली. डबा नाही, कागद नाही. इशारे छापलेला डबा दुकानातच राहिला आणि नळीबरोबर घरी गेला तो फक्त माझा शब्द.

मुलगी शाळेत असताना त्यांनी मन्नोच्या मानेवर नळी ओतली. तळाशी उरलेलं बोटावर घेऊन पिल्लांना चोळलं, कुणाला कमी पडू नये म्हणून.

"पहिलं कान हलायला लागले," जुलेखाआपा म्हणाल्या. "मला वाटलं, पिसवा मरायल्यात म्हणून खाजतंय. मग पाय. मग आख्खं अंग असं." त्यांनी हात पुढं करून थरथरवून दाखवला, आणि थांबवायचं विसरल्या. "तोंडातनं फेस. पिल्लं ओरडायली आन् ती त्यांच्याकडं जायला बघायली. जाता येईना. पाय फरशीवर नुसते घसरायले. निलू शाळेतनं आली, तवा दोन गेलीवती. तिसरं तिच्या हातात गेलं. मन्नोला दवाखान्यात न्हेली. डॉक्टर म्हणाले, मांजराचं लिव्हर हे औषध पचवू शकत न्हाय, कुत्र्याचं पचवतं. लई उशीर झाला म्हणाले."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं धरला.

"आता तुमी म्हणाल, ही इतं कशाला आली. पैसा नको मला. काय बी नको. निलू माझ्याशी बोलत न्हाय. जेवती, शाळेला जाती, येती. बोलत न्हाय. ती त्या दुकानात गेलीवती भांडायला. तो दुकानवाला म्हणाला, जाहिरातीत सांगितलंय की मांजराला लावू नका, तुझ्या आईनंच ऐकलं न्हाय. तवापासनं ती म्हणती, अम्मी, तुमी मारला बी आन् आता झूट बी बोलायले. माझ्या पोरीला वाटतं, मी खोटारडी हाय. तुमी या आन् एकदा तुमच्या तोंडानं तिला सांगा. आवाज ओळखंल ती."

मी म्हणालो, येतो.

जायच्या आधी सचिनला फोन केला. का केला, कुणास ठाऊक. परवानगी घ्यायची सवय. तो म्हणाला, "अण्णा, इशारा होता ना? मग झालं की. तेवढंच सांगा. जास्त बोलायला गेलात तर उद्या कंपनी आपल्या दोघांना धरेल." मी त्याला चिडून काहीतरी बोललो, पण त्याचं ते 'इशारा होता ना' माझ्या कानात राहिलं. बरं वाटलं, हेही लपवत नाही.

जुलेखाआपांच्या घरात शिलाई मशीनशेजारी टॉवेलांचे गठ्ठे होते. कोपऱ्यात एक पुठ्ठ्याचं खोकं, आत जुनी ओढणी अंथरलेली. निलोफर त्या खोक्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. आईनं सांगितलं, "निलू, ये वो हैं." मुलीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. परीक्षेत पेपर हातात पडायच्या आधी मुलं बघतात तसं.

"अंकल, तुम बोले थे क्या, बिल्ली को लगाव बोलके?"

मी तोंड उघडलं. मला वाटतं, मी खरं बोलणार होतो. आणि तोंडातून आलं, "बेटा, जाहिरातीच्या शेवटी इशारा होता. मांजरांवर वापरू नये, असं त्यात होतं."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. असंच बोलायला मी आयुष्यभर शिकलो होतो.

मुलगी आईकडं वळली. "सुने?" एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली.

जुलेखाआपा मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दारापर्यंत सोडायला येऊन चपला नीट करून दिल्या. "तुमी आला, लई झालं भाऊ," म्हणाल्या. मला समजेना, ही बाई टोमणा मारतेय की खरंच बोलतेय. आजही समजलेलं नाही. पायरी उतरताना त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच चुकीचं ऐकलं असंल. मशीनचा आवाज होता की."

माझ्यामुळं त्या बाईचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास गेला. मी निघालो.

दोन दिवस काम सुचलं नाही. बायको म्हणाली, तब्येत दाखवून घ्या. तिसऱ्या दिवशी मी त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. मौलाभाई तेव्हा एका गादी कारखान्याची जाहिरात घेऊन त्या भागात फिरत होते. तीही माझीच, तिच्याही शेवटी अटी होत्या. मला एकदा ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत मी माझी जाहिरात स्टुडिओत ऐकली, जिन्यातल्या भोंग्यावर ऐकली. ज्याच्यासाठी केली, त्याच्या जागी बसून कधी ऐकली नव्हती.

रिक्षा आली. टपरीसमोर 'कापसाच्या गाद्या' ऐकू आलं. भोंगा पुढं तोंड करून बांधलेला असतो, त्यामुळं रिक्षा येताना सगळं स्पष्ट, आणि ओलांडून गेली की आवाज पाठमोरा. 'गाद्यागिरद्या' आलं तेव्हा ती पिठाच्या गिरणीसमोर होती. सवलत आली तेव्हा जुलेखाआपांचं दार मागं पडलं होतं. अटी आल्या त्या पार पलीकडच्या वळणावर. मी उठून रिक्षामागं चालायला लागलो. प्रत्येक घराला जाहिरातीचा एक तुकडा मिळत होता. कुणाला नाव, कुणाला भाव, कुणाला अटी. सगळी जाहिरात फक्त मौलाभाईंना ऐकू येत होती, आणि त्यांनी कानात बोळे घातले होते.

म्हणजे जुलेखाआपांनी काही चुकीचं ऐकलं नव्हतं. त्यांच्या दारासमोर मी 'कुत्र्यामांजरांच्या' म्हणालो होतो. मांजरांवर वापरू नये, हे मी दुसऱ्याच कुणाच्या दारात सांगितलं, ज्याच्या घरी कदाचित मांजर नव्हतं. इशारा शेवटी टाकायचा ही आमची पद्धत. रिक्षा चालत असताना 'शेवटी' याचा अर्थ 'दुसऱ्याला' असा होतो, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात घ्यायची गरज कुणाला होती?

मी सचिनकडं गेलो. गोचिडाची जाहिरात त्यानं आधीच बंद केली होती आणि डब्यांचा गठ्ठा मागं ठेवला होता. मी म्हणालो, दुरुस्तीची जाहिरात फिरवू या. तो म्हणाला, "वेड लागलंय का? गेलेलं प्रकरण लोकांना परत आठवण करून देता? माझ्या दुकानाचं नाव घेतलंत तर बघा." मी म्हणालो, नाव माझं घेतो.

बसवराजच्या खोलीत बसून लिहिलं. चार ओळी लिहायला दुपार गेली, कारण दर वेळी मी काहीतरी जोडशब्द घालत होतो आणि खोडत होतो. बोललो. पुत्र ऐकू येऊ नये म्हणून कुत्रा हा शब्द तीनदा घेतला, वेगवेगळ्या वाक्यांत. बसवराजनं सवयीनं माउस धरला.

"श्वास कापू का, अण्णा?"

"एकही कापू नको."

त्यानं ऐकलं. माझा दम लागलेला त्यात स्पष्ट येत होता. "लई धाप लागल्यागत वाटतंय की," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "असू दे."

आमच्या धंद्यात एकच जाहिरात रिक्षा थांबवून वाजवतात, ती हरवलेल्या माणसाची. चौकात उभं राहायचं, इंजिन बंद करायचं, वर्णन सगळं ऐकवायचं, मग पुढच्या चौकात. मौलाभाईंना मी तसंच करायला सांगितलं. ते म्हणाले, "कौन गुम हुआ?" मी सांगितलं. मौलाभाई या धंद्यात माझ्याइतकेच जुने. त्यांनी कानातले बोळे काढून खिशात टाकले आणि म्हणाले, "चलो. मैं भी तो घुमाया."

शुक्रवार होता, नमाज होऊन लोक घरी परतत होते. रिक्षा जुलेखाआपांच्या घराजवळ उभी केली. इंजिन बंद. मी रिक्षाशेजारी उभा राहिलो, म्हणजे आवाज कुणाचा ते दिसावं. भोंग्यातून मी बोलायला लागलो:

"गोचिडाच्या औषधाची जाहिरात या गल्लीतून फिरली. ती माझ्या आवाजात होती. तिच्यात मी कुत्र्यामांजरांच्या असं म्हणालो. ते चूक होतं. ते औषध फक्त कुत्र्याचं आहे. मांजराला ते विष आहे. मांजराला लावू नका. औषध लावलेल्या कुत्र्याजवळ काही दिवस मांजराला जाऊ देऊ नका. चुकून लागलं तर कोमट पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं धुऊन लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. ज्यांनी माझं ऐकून लावलं, त्यांनी बरोबर ऐकलं होतं. मी चुकीचं बोललो होतो."

मग हेच हिंदीत. मग परत मराठीत.

थांबलेली रिक्षा बघून लोक दारात आले. दोघं-तिघं हसले, आपल्याच आवाजाशेजारी हात बांधून उभा असलेला माणूस बघायला विचित्रच असणार. जुलेखाआपा दारात आल्या, हातात अर्धा शिवलेला टॉवेल. त्यांच्या मागं, आतल्या अंधारात, निलोफर उभी असलेली मला दिसली.

तेवढ्यात समोरच्या घरातले एक म्हातारे काठी टेकत पुढं आले. त्यांना गल्लीत सगळे हाजीचाचा म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्यांनी भोंग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"क्या बोले? बिल्ली को जहर है वो?"

"हो चाचा."

"हमारा बोका गया ना उससे." त्यांचा आवाज चढला. "मैं उस्मान के लडके को बोला, तूच कुछ खिलाया. कितने दिन हुए, सलाम नै, दुआ नै."

मागून एक बाई म्हणाली, "आमच्या जिन्यातल्या दोन. आमी म्हणलं, उंदीर खाल्ला असंल औषध खाल्लेला." आणखी कुणीतरी पलीकडच्या गल्लीचं नाव घेतलं. कुणी म्हणालं, कुत्र्याला लावलं होतं, मांजर त्याच्या अंगाला अंग लावून झोपायचं. मी एका बाईची सुटका करायला आलो होतो. आता एकेक दार बोलायला लागलं, आणि प्रत्येक दारात एक मेलेलं जनावर होतं, ज्याचा आळ त्या लोकांनी शेजाऱ्यावर, उंदरावर, नशिबावर घेतला होता. माझ्यावर कुणी घेतला नव्हता. माझा आवाज त्यांना आवडायचा. म्हाताऱ्यांनी काठी उचलली, मला वाटलं आता मारतील. त्यांनी ती परत टेकली आणि उस्मानच्या घराच्या दिशेनं चालायला लागले.

भोंगा परत पहिल्यापासून सुरू झाला होता. मौलाभाईंनी तो बंद केला.

निलोफर बाहेर आली. माझ्या समोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की मला तिच्या युनिफॉर्मवरचा शाईचा डाग दिसत होता. मी म्हणालो, "बेटा, त्या दिवशी मी..." तिनं मान हलवली, नको म्हणून. माझ्याकडून तिला आता काही ऐकायचं नव्हतं. ती त्या लोकांकडं बघत होती, हाजीचाचांच्या पाठीकडं, जिन्यातल्या बाईकडं. मग ती वळली आणि आईकडं बघून म्हणाली,

"तुम अकेलेच नै मारे, अम्मी."

त्यात माफी नव्हती. तिनं आईला सोडलं नव्हतं, फक्त तिच्या रांगेत आणखी एक माणूस उभा केला होता. पण जुलेखाआपांच्या हातातला टॉवेल खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या, सगळ्या गल्लीसमोर, इतके दिवस गप्प राहिलेलं माणूस रडतं तशा. मुलगी त्यांच्याजवळ गेली. हात धरला नाही, खांद्याला लावला नाही. उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी, मध्ये एक वीत जागा ठेवून, बसली.